चार जीबीची वाडी

रिकामी जागा दिसली की ती भरल्याशिवाय जगूनानांना चैन पडायचं नाही. मग ती वाडीतल्या दोन पोफळींच्या मधली असो, मिनीडोरमधल्या दोन पॅसेंजरांच्या मधली असो, नाहीतर त्यांच्या मोबाईलमधली असो. नाना आणि त्यांची आक्का पनवेलला भाच्याकडे राहायला गेले त्याला आता दोन वर्षं होतील. माझ्या दुकानातल्या बाकावर हल्ली गिऱ्हाईकं ऐसपैस बसतात. नाना यायचे तेव्हा त्याच बाकावर ते स्वतः, त्यांची कोयती, दोन शहाळी आणि केळफुलांची पिशवी एवढं सगळं मावायचं. वर मला सांगायचे, "सूनबाय, अजून एक मानूस बसंल इकरं."

माझं दुकान रेवदंड्याच्या बाजारात आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रिचार्ज, आणि पाटीवर सगळ्यात खाली 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील'. ही शेवटची ओळ पेंटरने लिहायला नको म्हटलं होतं, पाटीवर गर्दी होतेय म्हणाला होता. मी ऐकलं नाही आणि पुढची काही वर्षं त्याची फळं भोगली.

नाना तसे परके नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. चौलला आमच्या घराला लागून त्यांचं घर. माझ्या नवऱ्याचे ते लांबचे काका, म्हणजे माझे चुलत सासरे. दुसरं कोणी आठवड्यातून चार वेळा येऊन तेच काम सांगितलं असतं तर मी चार शब्द सुनावून वाटेला लावलं असतं. माझी जीभ बाजारात प्रसिद्ध आहे. पण सासऱ्यापुढे काय बोलणार? निम्मं वाक्य तोंडात यायचं आणि निम्मं गिळावं लागायचं. नानांच्या पायी मी किती वाक्यं गिळली त्याची गणती नाही.

त्यांची वाडी म्हणजे काय सांगू? नारळ तर सगळ्यांच्याच वाडीत असतात. नानांकडे दोन नारळांच्या मध्ये पोफळ, पोफळीवर चढवलेली मिरवेल, तिच्या सावलीत जायफळ, जायफळाच्या बुडाशी अननस, आणि पाण्याच्या पाटाच्या दोन्ही कडांना अळू. वरून येणारं ऊन जमिनीवर पोचायच्या आत चार झाडांनी वाटून खाल्लेलं असायचं. आपल्यासारखा माणूस आत शिरला की आडवा होऊन चालायचा. नाना मात्र त्यातून सरळ चालायचे, कारण ते स्वतःच सुतळीसारखे होते.

हीच तऱ्हा सगळीकडे. पनवेलच्या भाच्याला दर वर्षी ते एक मोठा डबा पाठवायचे. तळाला सोललेले नारळ. नारळांच्या मधल्या पोकळीत सुपाऱ्या. सुपाऱ्यांच्या मधल्या पोकळीत तांदूळ. आणि एवढं भरून डबा हलवला की खुळखुळ आवाज येतो म्हणून वरून मिरी. भाच्याची बायको एकदा लग्नाला आली तेव्हा माझ्यापाशी रडायचीच बाकी होती. अख्खा रविवार ती त्या तांदळातून मिरी वेचत बसली होती. मी हे नानांच्या कानावर घातलं, तर ते खुश होऊन म्हणाले, म्हणजे सगळं नीट पोचलं.

मिनीडोरमध्ये तर मी त्यांच्याबरोबर बसायचं टाळायचे. एकदा अलिबागला कामाला निघाले होते, गाडी गच्च भरलेली. वाटेत नाना हात करून उभे. आत शिरले, सगळ्यांना "जरा दाबून बसा" म्हणत इकडून तिकडे सरकवलं, आणि खरोखर एका माणसाची जागा झाली. मग त्यांना खाली उभी असलेली एक मासळीवाली दिसली. तिला हाक मारून तिथे बसवलं आणि स्वतः बाहेर लोंबकळत राहिले. तिच्या टोपलीचं पाणी माझ्या फॉर्मच्या फाईलवर ठिबकत होतं. नानांनी बाहेरून डोकं आत घालून मला विचारलं की ऐसपैस आहेस ना.

मोबाईलचं वेड मात्र त्यांना वादळानंतर लागलं. त्या वर्षीच्या चक्रीवादळाने चौलच्या वाड्या झोपवल्या. नानांच्या निम्म्याहून जास्त पोफळी मधोमध मोडल्या. वाडीत पहिल्यांदाच उभं राहून आकाश दिसायला लागलं. त्या आठवड्यात नाना पडवीत बसायचे ते वाडीकडे पाठ करून. मग उठले आणि मोकळ्या झालेल्या जागेत केळी लावत सुटले. पोफळ मोठी व्हायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर त्यांच्या हाताला भरायला काहीतरी हवं होतं, आणि त्यांच्या हाताला नेमका मोबाईल लागला.

फोन बटणांचा होता. चारपेक्षा जास्त जीबीचं कार्ड तो फोन घेतच नव्हता. घातलं की मान टाकायचा. चार जीबी म्हणजे साध्या माणसाच्या गाण्यांना पुरून उरणारी जागा. नानांना पुरली नाही. भजनं, नाच्याची गाणी, होळीची गाणी, जुनी सिनेमातली, बॅन्जोपार्टीची, आणि कुठल्या तरी पुढाऱ्याच्या प्रचाराचं एक गाणं, फक्त चाल आवडली म्हणून. कार्ड भरलं. मी म्हटलं, आता काहीतरी काढावं लागेल. नाना म्हणाले, काढायचं कशाला, दाबून बसव.

इथे माझंच चुकलं. मी त्यांना सांगून बसले की गाणी दाबता येतात. एक फाईल घेऊन निम्मी करून दाखवली. त्यांनी गाणं ऐकलं, तेच होतं. त्या दिवशी नानांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नव्या घराची वास्तुशांत करणाऱ्यांच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

फाईल दाबली म्हणजे ती पिशवीतल्या पोह्यांसारखी खाली बसत नाही, हे मी त्यांना सतरा वेळा समजावलं. ती लहान होते कारण तिच्यातलं काहीतरी कायमचं फेकलं जातं. आधी कानाला न कळणारं जातं, मग कळणारंही जायला लागतं, आणि दाबलेली फाईल पुन्हा दाबली तर उरलेल्यातूनही जातं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नानांनी जन्मभर पोहे दाबले होते, काथ्या दाबला होता, सुकी मासळी पाटीत दाबली होती, आणि कशातूनही काही कमी झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "व्हय. पन अजून एक बसंल."

त्यांच्या ढोलकीचा ताशा झाला आणि बासरीची शिट्टी झाली, तरी त्यांना फरक कळत नव्हता. गाणी वाढली एवढंच त्यांना कळत होतं. मी हात टेकले. म्हातारा माणूस, त्याची मजा, आपलं काय जातं, असं म्हणून दाबत राहिले.

आता आक्का. आक्का नानांची थोरली बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, मुलगा पनवेलला नोकरीला लागला, आणि ती भावाकडे राहिली. नानांनी लग्न केलं नव्हतं. एवढी एकच जागा त्यांनी रिकामी कशी ठेवली म्हणून गावात थट्टा व्हायची.

आक्का धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवलारीण लागतेच. हळदीपासून नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तीच म्हणते, आणि आता काय करायचं, कोणी कुठे उभं राहायचं, हेही त्याच गाण्यातून सांगते. भटजींना यायला उशीर झाला तर लोक चहा पीत थांबतात. पण धवलारीण बसल्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. पोथी नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. आक्काला चौलपासून रोह्या-तळ्यापर्यंत बोलावणं असायचं.

आणि तिचा आवाज! आमच्या स्वयंपाकघरात तो भिंत ओलांडून यायचा. दिवसभर एकच शब्द, "जग्या." जग्या, गाय सुटली. जग्या, चूल विझली. जग्या, मेल्या, सदरा उलटा घातलायस. नाना पासष्टीचे, पण हाक आली की हातातलं टाकून "आलो" म्हणत धावायचे. मांडवातसुद्धा नाना तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन बसायचे. धवल्याच्या दोन ओळींच्या मध्ये दम घ्यायला थांबली की ती तेवढ्यात नानांना एक शिवी हासडायची आणि पुढची ओळ धरायची. सूर तसाच. बायका पदराआड हसायच्या. नानांना त्याचं काही वाटायचं नाही.

भाच्याने नानांना त्याचा जुना मोठा फोन दिला तेव्हापासून ते आक्काची गाणी टिपायला लागले. फोन मांडवाच्या खांबाला सुतळीने बांधायचा आणि चालू करून द्यायचा, तो थेट जेवणं होईपर्यंत. आठवड्याने माझ्या दुकानात येऊन सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये ओतायचं. मी 'आक्का' नावाचा एक फोल्डर करून ठेवला होता. अशी दोन वर्षं लग्नं जमली. मग तो फोन विहिरीत पडला. नानांना त्याचं दुःख झालं नाही. बटणांचाच बरा, म्हणाले.

आणि एका सकाळी आक्काच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाचा येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. आमच्या भिंतीपलीकडून आवाज यायचा थांबला. मला स्वयंपाक करताना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं नव्हतं.

नाना आठ दिवसांनी दुकानात आले. बाकावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "सूनबाय, आक्काचं सगलं धवलं माझ्या फोनात बसव. तिचा आवाज आता हाय तवरा ह्योच. एक पन भायेर र्‍हाता कामा नये."

मी म्हटलं, मोठा फोन घेऊ, मी आणून देते. तर म्हणाले, आक्काचा डावा अंगठा तेवढा चालतो, तिला बटण दाबता येतं, काचेवर बोट फिरवता येत नाही. तिला मी पाच नंबरचं बटण शिकवलंय, दाबलं की गाणं लागतं. मी म्हटलं, बरं, मग दोन कार्डं करू. तर म्हणाले, मी वाडीत असलो आणि तिला दुसऱ्या कार्डातलं हवं असलं तर कोण बदलणार? नानांचं बोलणं पहिल्यांदाच बिनचूक होतं, आणि त्याचाच मला जास्त वैताग आला.

भजनं-बॅन्जो एका झटक्यात काढायला त्यांनी परवानगी दिली. त्यावरूनच मला कळायला हवं होतं की हे नेहमीचं वेड नाही. तरीही दोन वर्षांची लग्नं चार जीबीत मावेनात. दाबली. पुन्हा दाबली. आक्काचा आवाज पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. मी म्हटलं, नाना, याच्या खाली मी जाणार नाही, यापुढे ती आक्का आहे की दुसरी कोणी बाई हेसुद्धा कळणार नाही. तरी तीन लग्नं बाहेर राहत होती.

तेव्हा नानांनी माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं. गाणं उघडलं की त्यावर आवाजाची नक्षी दिसते. जिथे गाणं तिथे दाट, जिथे गाणं नाही तिथे जवळजवळ सपाट रेघ. नाना खुर्चीवरून पुढे वाकले. इतक्या दिवसांत मी त्यांना पडद्याजवळ एवढं वाकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा मधी सगला मोकला कशाला ठेवलाय?"

मी सांगितलं की ते ठेवलेलं नाही, ते तसंच असतं. दोन धवल्यांच्या मध्ये लोक बोलतात, भांडी वाजतात, आक्का दम घेते. नाना म्हणाले, भांडी काय ऐकायची? काप.

मग तीन आठवडे आम्ही कापत बसलो. दुपारी बाजार निजला की नाना यायचे. मी एक एक फट निवडायची, ते माझ्या मागे उभे राहून "काप" म्हणायचे. पोरं रडत होती, काप. कोणीतरी नारळ फोडत होतं, काप. मध्येच आक्काचा आवाज यायचा, जग्या, झोपलास काय, जग्या, तुझी मान कुठे चाललीय. मी मागे वळून बघायचे, तर नाना लाजून हसत असायचे. मी एकदा विचारलं, हे ठेवू का? ते म्हणाले, "शिव्या हायत त्या. गाना हाय काय? काप." मी कापलं. शेवटचं लग्न बसलं आणि वर थोडी जागा उरली, तर तिथे त्यांनी काढलेल्यातलं एक भजन परत घालून घेतलं.

आता माझा गुन्हा. कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस आले होते. दुकानात रांग, कॉम्प्युटर रडतखडत चालत होता, आणि तो 'आक्का' फोल्डर केवढी तरी जागा अडवून बसला होता. नानांचं काम झालं होतं. डोक्याचा ताप एकदाचा जाऊ दे म्हणून मी तो फोल्डर उडवला आणि कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली. नानांनी सांगितलं नव्हतं. त्यांना विचारायलाही मी थांबले नाही. मला फार मोकळं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

कार्ड भरून दिलं त्या दिवसापासून भिंतीपलीकडून आक्काचा आवाज पुन्हा यायला लागला होता. आक्का पडवीतल्या खाटेवर, फोन छातीवर. अंगठ्याने पाच दाबायची. हळदीचा धवला संपला की त्याच क्षणी घाण्याचा, तो संपला की नवरदेवाला न्हाऊ घालायचा. कुठे श्वास नाही, कुठे थांबणं नाही. पाच-दहा मिनिटं झाली की आक्का फोन उलटा करून ठेवायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. नाना पुन्हा लावायचे. ती पुन्हा उलटा करायची. नानांना वाटलं फोन बिघडला. घेऊन आले माझ्याकडे.

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. गिळायच्या वाक्यातलं एक गिळायचं राहून गेलं. मी म्हटलं, "फोनला काही झालेलं नाही, नाना. तुम्ही तिला दम घ्यायला जागा ठेवली नाहीत."

नानांनी फोन खिशात घातला आणि गेले. मग आठ-दहा दिवस दुकानात फिरकले नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझं लक्ष सारखं रस्त्याकडे जायचं.

आले ते भर दुपारी. दुकानात कोणी नव्हतं. सगळा बाक रिकामा, आणि नाना त्याच्या अगदी टोकाला बसले. बराच वेळ गुडघ्यावरची माती झाडत राहिले. मग म्हणाले, "सूनबाय, आपन कापल्या त्या फटी ठेवल्यास काय कुठं?"

मी विचारलं, कुठल्या फटी?

"मधल्या. त्या शिव्या." ते माझ्याकडे बघत नव्हते. "रोज ऐकतो मी. सगलं धवलं हायत. पन ती मना हाक मारीत न्हाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी खरं ते सांगितलं. फोल्डर मीच उडवला, तुम्हाला न विचारता, आता तो येत नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ते फक्त "बरं" म्हणाले. मग म्हणाले, तुझं काय चुकलं, काप काप मीच म्हनत होतो. मी कॉम्प्युटरचा कानाकोपरा शोधला, जुने पेन ड्राइव्ह शोधले, शेवटी माझ्या फोनमध्येही बघितलं. काही नाही.

नाना उठून पायरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. तळा गावच्या लग्नात मुलीच्या बापाला एक पेन ड्राइव्ह भरून दिला होता ना आपण, असं त्यांनी विचारलं. दिला होता. मीच दिला होता, धवल्यांची दाबादाबी सुरू व्हायच्या आधी. मी म्हटलं, फोन करून विचारते, नंबर शोधते. पण नानांना दम कुठला? ते तसेच कोयतीसकट एसटी स्टँडकडे निघाले. मी कोयती काढून घेतली आणि घरी आक्काजवळ बसायला माझ्या सासूबाईंना सांगितलं. जन्मात कधी एकटा अलिबागच्या पुढे न गेलेला माणूस रोह्याला गाडी बदलून तळ्याला गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले तर नाना पायरीवर बसलेले. तंबाखूच्या डबीतून त्यांनी पेन ड्राइव्ह काढला. डबीत तंबाखू नव्हती, नुसता पेन ड्राइव्ह होता. लग्नाचे फोटो घालायला जागा हवी म्हणून तिथल्या पोरांनी त्यातलं बरंच काही पुसलं होतं. हळदीची एक फाईल तेवढी उरली होती.

ती आम्ही ऐकली. आधी बराच वेळ खुर्च्या सरकवल्याचा आवाज. मग आक्काचा धवला, मोकळा, खणखणीत, टाकीबाहेरचा. मी किती दिवसांनी तो तसा ऐकत होते. धवला संपला. भांडी वाजली. एक बाई खोकली. आणि मग आक्का म्हणाली, "जग्या, कानांत काय सुपारी बसलीय तुज्या? मगासधरनं पानी मागतंय मी. घसा सुकला माजा."

मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि लांबून नानांचा, "आलो, आलो."

माझ्या दुकानात बसलेल्या नानांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी विचारलं, कार्डात जागा नाही, काय काढू? एक एक गाण्यासाठी माझ्याशी भांडलेला हा माणूस म्हणाला, काय पन काढ. मी म्हटलं, असं कसं, नाना, काहीतरी सांगा. तर म्हणाले, तुला वाटंल ते काढ, पन ह्यो दाबू नको. आता कुठले धवले काढायचे ते मी ठरवायचं! मला रडू यायला लागलं होतं आणि त्यांचा रागही येत होता. शेवटी ज्या लग्नांत आवाज सगळ्यात जास्त चिरडला होता, त्यातली दोन काढली आणि ती फाईल होती तशी घातली.

त्यानंतर पंधराच दिवसांनी भाचा गाडी घेऊन आला आणि दोघांना पनवेलला घेऊन गेला, आक्काला रोज व्यायाम करून घेणारी बाई तिथे मिळणार होती म्हणून. ते निघाले तेव्हा मी दुकानात होते. त्यामुळे नानांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या तळ्याच्या फाईलच्या दिवशीच. दुकान बंद करून नानांबरोबर मीही त्यांच्या घरी गेले, फोन लागतोय की नाही ते बघायला.

आक्का पडवीत खाटेवर टेकून बसली होती. नानांनी फोन तिच्या हातात दिला. तिने पाच दाबलं. खुर्च्या सरकल्या, धवला झाला, भांडी वाजली, बाई खोकली. आक्का फोन उलटा न करता ऐकत होती. मग फोनमधली आक्का पाणी मागायला लागली. नाना पायरीवर बसले होते. ते "आलो" म्हणून उठले, आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. आक्काने फोनकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि डाव्या हाताने तांब्या घेऊन दोन घोट प्यायली. थोडं पाणी हनुवटीवर सांडलं, ते नानांनी उपरण्याने पुसलं.

मग नानांनी बटण दाबून फाईल मागे नेली. पुन्हा हाक आली. पुन्हा ते आत गेले, पुन्हा पाणी आणलं. आक्काने एक घोट घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी मागे नेलं तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, नाना, पुरे आता, किती पाणी पाजाल तिला?

नाना माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागले. "बोलावते ना ती," म्हणाले, आणि आत गेले.

या वेळी आक्काने तांब्या घेतला नाही. डाव्या हाताच्या पंजाने तिने तो नानांकडे ढकलला, आणि खाटेच्या कडेवर हात आपटून त्यांना बसायची खूण केली. नाना तिच्या पायाशी बसले. ती बघत राहिली, आणि त्यांनी सगळं पाणी पिऊन संपवलं.